नाकपुड्या कुठे, श्वास कुठून आणि भाता कोणता

प्रश्न असा आहे: वेगवेगळ्या प्राण्यांच्या नाकपुड्या कुठे असतात आणि ते श्वास कसा घेतात? हे दोन प्रश्न आहेत आणि ते वेगळे ठेवलेले बरे. नाकपुडी दिसली म्हणजे श्वास तिथूनच चालतो असं नाही. म्हणून कुठलाही प्राणी समोर आला की तीन गोष्टी बघायच्या: भोक कुठे आहे, त्यातून आत जाणारी वाट कुठे उघडते, आणि हवा आत-बाहेर करणारा भाता कोणता. हाताळताना जनावर घुसमटतं ते बऱ्याचदा भाता दाबला गेल्यामुळे. नाक मोकळंच असतं, म्हणून माणसाच्या लक्षात येत नाही.

सगळ्यात जास्त फसवतो तो मासा. डोळ्यांच्या पुढे, मुस्कटावर बारीक भोकं दिसतात. बहुतेक माशांत प्रत्येक बाजूला दोन असतात. पुढच्या भोकातून पाणी आत शिरतं, मागच्यातून बाहेर पडतं, आणि मधल्या पिशवीत वास ओळखणाऱ्या पेशी असतात. ही पिशवी घशात उघडत नाही, म्हणजे माशाचं नाक निव्वळ वासासाठी. शार्कच्या नाकपुड्या मुस्कटाच्या खालच्या बाजूला असतात, त्याही बंद पिशव्याच. श्वास चालतो कल्ल्यांवर: तोंड उघडून पाणी आत घ्यायचं, तोंड मिटून ते कल्ल्यांवरून ढकलायचं आणि कल्ल्यांच्या झाकणाखालून बाहेर सोडायचं. वाळूत चपटा पडून राहणारा पाकट मासा मात्र तोंड खाली दबलेलं असल्यामुळे डोळ्यांमागच्या दोन भोकांतून वरचं स्वच्छ पाणी ओढतो. ती भोकं नाकपुड्यांसारखी दिसतात, पण नाकपुड्या नव्हेत.

टाकीतले मासे पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडमीट करू लागले तर पाण्यातला ऑक्सिजन कमी पडतोय. 20 अंश सेल्सिअसच्या गोड्या पाण्यात लिटरमागे जेमतेम 9 मिलिग्रॅम ऑक्सिजन मावतो, 30 अंशांना साडेसातच्या आसपास. लिटरभर हवेत तो सुमारे 280 मिलिग्रॅम असतो. त्यामुळे उन्हाळ्यात, दाटीत, खाणं कुजलेल्या पाण्यात मासे आधी वर येतात. इतकी हवा भोवती असूनही पाण्याबाहेर मासा मरतो, कारण कल्ल्यांचे तंतू पाण्याच्या आधाराशिवाय एकमेकांना चिकटतात आणि पृष्ठभागच उरत नाही. गोरामी आणि फायटर हे मासे अपवाद. त्यांना कल्ल्यांच्या वर हवा साठवणारी घडीदार जागा असते आणि ते वर येऊन हवा गिळतातच. त्यांची टाकी काठोकाठ भरून वर घट्ट झाकण ठेवलं तर ते पाण्यात असूनही गुदमरतात.

पाण्यात राहून हवेवर जगणाऱ्या प्राण्यांत नाकपुडीची जागा फार बोलकी असते. मगरीच्या नाकपुड्या मुस्कटाच्या अगदी टोकाला, उंचवट्यावर असतात. डोळे आणि नाक एवढंच पाण्यावर ठेवून ती तासन्‌तास पडून राहू शकते. घडियालाच्या प्रौढ नरात त्याच जागी मडक्यासारखा फुगवटा येतो. पण मगरीचं खरं कसब आतल्या वाटेत आहे. हाडांची टाळू इतकी लांब की नाकातली हवा थेट घशाच्या मागच्या टोकाला उतरते, आणि तिथे जिभेच्या बुडाशी एक मांसल झडप तोंड व घसा वेगळे करते. त्यामुळे पाण्याखाली जबडा उघडून भक्ष्य धरलं तरी पाणी श्वासनलिकेत जात नाही. तिचा भाताही निराळाच. आपल्यासारखं श्वासपटल नाही. यकृत मागे ओढणारा एक स्नायू आहे. पिस्टनसारखं यकृत मागे सरकलं की फुप्फुसं पसरतात. म्हणूनच पोटाखाली काही टोचत-दाबत असेल अशा अवस्थेत बांधलेली मगर छाती मोकळी असूनही धापा टाकते.

पाणघोड्याचे नाक, डोळे, कान तिन्ही डोक्याच्या माथ्यावर एका ओळीत. बुडताना नाकपुड्या मिटतात, कान दुमडतात, आणि तो साधारण पाच मिनिटं खाली राहू शकतो. सीलची तऱ्हा आपल्या उलट: नाकपुडी मिटलेली हीच तिची विश्रांतीची स्थिती, ती उघडायला स्नायू लावावा लागतो. शिवाय खोल बुडी मारण्याआधी सील श्वास भरून घेत नाही, सोडते. ऑक्सिजन रक्तात आणि स्नायूंत साठवलेला असतो. फुप्फुसात दाबाखालची हवा असणं तिच्या तोट्याचं.

देवमासे आणि डॉल्फिन यांच्या नाकपुड्या डोक्यावर. गर्भात त्या सुरुवातीला मुस्कटापुढेच असतात आणि वाढीबरोबर वर सरकतात. बिनदाती, म्हणजे झालरवाल्या देवमाशांना दोन श्वासरंध्रं, दातवाल्यांना बाहेरून एकच. स्पर्म देवमाशाचं ते एकच भोक डोक्याच्या पुढच्या टोकाशी डाव्या अंगाला असतं, त्यामुळे त्याचा फवारा तिरका, डावीकडे झुकून उडतो आणि लांबूनही तो ओळखता येतो. फवारा म्हणजे फुप्फुसातलं पाणी असा समज आहे, तो चुकीचा. बाहेर पडते ती उबदार, दमट हवा, जोडीला थोडा शेंबूड आणि भोकावर साचलेलं समुद्राचं पाणी. डॉल्फिनचा उच्छ्वास आणि श्वास मिळून सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्यात आटोपतो आणि तेवढ्यात फुप्फुसातली 80 टक्क्यांहून जास्त हवा बदलते. माणसाच्या साध्या श्वासात 10 ते 15 टक्के बदलते. दातवाल्या देवमाशांचं स्वरयंत्र बदकाच्या चोचीसारखं लांब होऊन नाकाच्या वाटेत वर घट्ट बसलेलं असतं. हवेची वाट आणि अन्नाची वाट कायमची वेगळी. तोंडाने श्वास घेण्याची सोय जवळपास नाहीच.

किनाऱ्यावर अडकलेल्या डॉल्फिनला मदत करताना यातलं सगळं कामाला येतं. त्याला पोटावर सरळ ठेवायचं, एका कुशीवर कलंडू द्यायचं नाही. पुढच्या परांखाली वाळू उकरून खड्डे करायचे म्हणजे परांवर भार येत नाही. अंगावर ओलं कापड घालायचं, पण डोक्यावरचं भोक उघडं ठेवायचं, आणि पाणी शिंपडताना त्याच्या श्वासाकडे लक्ष ठेवायचं: भोक उघडायच्या क्षणी त्यात गेलेलं पाणी किंवा वाळू थेट फुप्फुसात जाते. शेपटीने ओढायचं तर कधीच नाही. जमिनीवर स्वतःच्या वजनानेच त्याची छाती दबत असते, म्हणून तज्ज्ञांना बोलवायला उशीर करू नये.

बेडकाच्या नाकपुड्या मुस्कटाच्या टोकाला वरच्या बाजूस. त्याला फासळ्यांचा भाता नाही, हनुवटीचा आहे. नाकपुड्या उघड्या ठेवून तो तोंडाचा तळ खाली घेतो, हवा तोंडात येते. मग नाकपुड्या मिटतात आणि तळ वर उचलून हवा फुप्फुसात ढकलली जाते. हनुवटीखालची कातडी सारखी धडधडताना दिसते ती हीच. आता बेडकाचं तोंड तपासायला उघडून धरलं तर काय होईल? ढकलायची हवा तोंडातूनच निसटेल. म्हणून तोंड काही सेकंदांत बघून सोडायचं. कातडीतूनही त्याचा श्वास चालतो, पण कातडी ओली असेल तरच; कोरड्या, मिठाच्या किंवा साबणाच्या हाताने बेडूक धरू नये. काही सॅलॅमॅंडर (बेडकाचे शेपटीवाले भाऊबंद) तर फुप्फुसांशिवायच, कातडी आणि तोंडाच्या अस्तरावर जगतात.

कासवाच्या नाकपुड्या मुस्कटाच्या टोकाला अगदी जवळजवळ असतात, काही पाणकासवांत लांब नळीसारख्या, म्हणजे बाकी अंग पाण्याखाली ठेवून नळी तेवढी वर काढता येते. त्याच्या फासळ्या कवचाला जोडलेल्या. छाती फुगणं शक्यच नाही. पायांच्या खळग्यांतले स्नायू आतले अवयव मागे-पुढे सरकवतात आणि त्यावर फुप्फुसं चालतात. फुप्फुसं वरच्या कवचाला लागून असतात. कासव उलटं ठेवलं की आतडी, यकृत, सगळं वजन त्यांच्यावर येतं. तपासणीसाठी उलटं केलंच तर चटकन सुलटं करावं. पाणकासव एका अंगाला कलून तरंगायला लागलं, नाकातून बुडबुडे यायला लागले की एका फुप्फुसात न्यूमोनियाचा संशय धरावा. ऑस्ट्रेलियातल्या फिट्झरॉय नदीतलं एक कासव शेपटीखालच्या द्वारातून पाणी आत-बाहेर करून ऑक्सिजन घेतं, त्यामुळे ते दीर्घकाळ वर न येता राहतं.

जमिनीवर आलो की सगळ्यात जपायचा प्राणी घोडा. घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही. त्याची मऊ टाळू लांब आहे आणि श्वासनलिकेचं तोंड तिच्यावर बटणासारखं अडकलेलं असतं. गिळताना तेवढं क्षणभर सुटतं. विश्रांतीत तो मिनिटाला 8 ते 16 श्वास घेतो, दर श्वासाला साधारण 5 लिटर हवा. भरधाव धावताना श्वास टापांच्या तालाला बांधला जातो, एका झेपेला एक श्वास, मिनिटाला 120 च्या वर. तेव्हा त्याचं नाक जवळून बघावं: आडवी-तिरकी फट फेंदारून गोल होते, कातडीखालच्या शिरा उमटतात आणि आतली गुलाबी अस्तरं दिसतात. नाकपुडीच्या वरच्या कोपऱ्यात बोट घातलं तर ते एका बंद पिशवीत शिरतं. ती खोटी नाकपुडी, तिथून पुढे वाट नाही.

पोटात नळी घालताना नवशिक्याची पहिली चूक इथेच होते. नळी नाकपुडीच्या तळाला, मधल्या पडद्याला लागून, खाली दाबत न्यायची. वर गेली तर खोट्या नाकपुडीत अडते किंवा त्याहून वाईट म्हणजे आतल्या नाजूक हाडांच्या जाळीला लागते आणि रक्ताची धार लागते. घशाशी पोचल्यावर घोड्याने गिळेपर्यंत थांबायचं आणि गिळताना पुढे सारायची. अन्ननलिकेत गेली तर मानेच्या डाव्या अंगाला नळी सरकताना दिसते किंवा हाताला लागते, आणि पुढे सारताना किंचित अडखळते. श्वासनलिकेत गेली तर ती सहज, रिकामी घसरते आणि उच्छ्वासाबरोबर नळीतून हवा येते. घोडा खोकेलच असं धरून चालू नये. खात्री होईपर्यंत थेंबभरही औषध सोडायचं नाही.

दोन्ही नाकपुड्यांतून चारा मिसळलेलं हिरवट पाणी येत असेल तर अन्ननलिकेत घास अडकला आहे. चारा-पाणी लगेच काढून घ्यावं. एकाच नाकपुडीतून दुर्गंधी येणारा पू असेल तर वरच्या दाढेचं मूळ किंवा त्याच बाजूची कवटीतली हवेची पोकळी (सायनस) बघावी. साप मुस्कटावर चावला तर घोड्याचा जीव विषाच्या आधी सुजेने जाऊ शकतो, कारण नाक मिटलं की दुसरी वाटच नाही. म्हणून सूज चढायच्या आत दोन्ही नाकपुड्यांत मऊ कडांची नळी, अगदी सिरिंजचा टोक कापून घासलेला भागही, बसवून टाके घालून पक्का करतात. सूज आल्यावर ती आत जात नाही.

सशाचंही जवळपास घोड्यासारखंच: नाक हीच मुख्य वाट, आणि वरचा ओठ दुभंगलेला असल्यामुळे नाकपुड्या फटीसारख्या. विश्रांतीत तो मिनिटाला 30 ते 60 श्वास घेतो. नाक सतत लुकलुकतं ते मुख्यतः हुंगण्यासाठी; गाढ विसाव्यात ते मंदावतं. तोंड उघडून श्वास घेणारा ससा म्हणजे तातडीचं काम, संध्याकाळपर्यंत थांबायचं नाही. मांजराचंही तेच समजावं.

कुत्रा तोंडाचा वापर उघडपणे करतो. त्याच्या नाकपुडीला समोर गोल भोक आणि बाजूला फट असते. हवा समोरून आत येते आणि हुंगताना बाजूच्या फटीतून मागे फेकली जाते, त्यामुळे पुढचा वास विस्कटत नाही. धापा टाकणं हे अंग थंड करण्याचं साधन: जिभेवरून आणि नाकाच्या अस्तरावरून पाणी उडतं, वेग मिनिटाला 300 च्या घरात जातो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत हे साधनच मोडकं आहे. नाकपुडी स्वल्पविरामाऐवजी नुसती चीर, मऊ टाळू लांब, घसा अरुंद. हवा ओढायला जोर लावला की घशातले भाग सुजतात, सुजले की आणखी जोर. अशा कुत्र्याला गर्मीत पळवू नये. झोपेतही घुरघुरत असेल तर नाकपुड्या रुंद करण्याची शस्त्रक्रिया लहान वयातच करून घ्यावी. अशा कुत्र्याच्या घुरघुरण्याला गोड म्हणणं मला मान्य नाही. तो त्रास आहे.

गाय-म्हैस गरज पडली तर तोंडाने श्वास घेतात, पण मान लांबवून, जीभ बाहेर काढून घेत असतील तर फुप्फुसं संकटात आहेत. त्यांना औषध पाजताना डोकं फार वर उचललं की औषध श्वासनलिकेत जातं. मुस्कट डोळ्यांच्या पातळीच्या वर जाऊ देऊ नये, जीभ ओढून धरू नये, आणि खोकला आला की डोकं लगेच सोडावं. नाकातून औषध ओतणं म्हणजे न्यूमोनियाला बोलावणं.

उंटाच्या नाकपुड्या फटीसारख्या आणि वाळूत मिटणाऱ्या. आतली वळणावळणाची हाडं रात्री बाहेर जाणारी हवा थंड करतात आणि तिच्यातली बरीच वाफ परत धरून ठेवतात. हत्तीची सोंड म्हणजे नाक आणि वरचा ओठ एकत्र वाढलेला. टोकाला दोन भोकं, आत शेवटपर्यंत दोन वेगळ्या नळ्या. पाणी तो सोंडेने पीत नाही, सोंडेत ओढतो आणि तोंडात सोडतो. त्याच्या फुप्फुसाभोवतीची मोकळी जागा जोडणाऱ्या ऊतींनी भरून गेलेली असते. पोहताना फक्त सोंड वर ठेवून तो श्वास घेतो तेव्हा पाण्याचा दाब झेलायला याच रचनेची मदत होते असं मानलं जातं. गुंगी दिलेला हत्ती पोटावर बसला तर त्याचा श्वास कोंडतो. त्याला कुशीवर आणायचं आणि सोंड सरळ, टोक मोकळं ठेवायचं.

पक्ष्यांत नाकपुड्या बहुधा चोचीच्या मुळाशी. पोपटाच्या त्या चोचीवरच्या मऊ पट्ट्यात असतात आणि आत एक कठीण गोळीसारखा भाग दिसतो. तो मळ समजून टाचणीने उकरतात, तसं करू नये, तो नाकाचाच भाग आहे. किवीच्या नाकपुड्या चोचीच्या टोकाला, कारण तो जमिनीत चोच खुपसून वासावर किडे शोधतो. अमेरिकेतल्या गिधाडांच्या नाकपुड्यांमधे पडदा नसतो, एका बाजूने पाहिलं तर आरपार दिसतं. अल्बट्रॉस या समुद्रपक्ष्याला चोचीवर नळ्या. उंचावरून पाण्यात सूर मारणाऱ्या गॅनेटला बाहेरून नाकपुड्याच नाहीत, तो चोचीच्या कडेने श्वास घेतो.

पक्ष्याची फुप्फुसं फुगत नाहीत. बहुतेकांना नऊ हवेच्या पिशव्या असतात आणि त्या भात्याचं काम करतात. हवा फुप्फुसातून एकाच दिशेने वाहते आणि एका श्वासात आलेली हवा बाहेर पडायला दोन फेऱ्या लागतात. श्वासपटल नाही. भाता चालतो तो छातीचं हाड खाली-वर होऊन. म्हणून लहान पक्षी मुठीत छातीवर दाबून धरला तर चोच आणि नाकपुड्या मोकळ्या असूनही तो काही क्षणांत गुदमरतो. पाठ तळहातावर, मान तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मधे, पंख बाजूंनी हलके आवरलेले, छाती पूर्ण मोकळी: अशी पकड हवी. बसल्या जागी श्वासागणिक शेपटी खाली-वर हलत असेल तर पक्षी आजारी आहे. आणि तापून धुरावलेल्या नॉनस्टिक भांड्याच्या वाफेने पोपट मिनिटांत मरू शकतात, कारण ही कार्यक्षम फुप्फुसं विषही तितक्याच तत्परतेने उचलतात.

सापाच्या नाकपुड्या मुस्कटाच्या बाजूंना. घोणस जातीच्या नव्हे, पण खळगेवाल्या विषारी सापांत नाकपुडी आणि डोळा यांच्यामधे आणखी एक खळगा असतो. तो उष्णता ओळखणारा. वास प्रामुख्याने जिभेने टाळूतल्या अवयवापर्यंत पोचतो. गिळताना बघण्यासारखं काही घडतं: भक्ष्याने जबडा ताणून भरलेला असताना खालच्या जबड्याच्या तळावरून श्वासनलिकेचं तोंड पुढे सरकून बाहेर येतं, आणि घास आत जात असतानाच श्वास चालू राहतो. कात टाकल्यावर नाकपुडीत जुनी कातडी अडकून राहिली का ते पाळलेल्या सापात जरूर तपासावं. ओल्या कापसाने भिजवून काढावी, खरवडू नये.

किड्यांना नाक नाही. छातीवर आणि पोटावर बाजूंना जास्तीत जास्त दहा जोड्या श्वसनरंध्रं असतात, तिथून नळ्यांचं जाळं हवा थेट पेशींपर्यंत नेतं. डोकं तुटलेलं झुरळ काही काळ जगतं ते यामुळेच, आणि साबणाच्या पाण्याने मरतं तेही: साधं पाणी त्या भोकांत शिरत नाही, साबणाचं शिरतं. बहुतेक डासांची अळी शेपटीकडची नळी पृष्ठभागाला लावून श्वास घेते. विंचवाला पोटाखाली फटींच्या चार जोड्या, आत पुस्तकाच्या पानांसारखी फुप्फुसं. गोगलगायीला कवचाच्या कडेजवळ, बहुधा उजवीकडे, एकच भोक. शांत बसली की ते उघडमीट होताना दिसतं.

घरच्या प्राण्याचा श्वास मोजायचा तर तो झोपेत असताना, न शिवता, कुशीचं वर-खाली पूर्ण मिनिटभर मोजावं. कुत्रा किंवा मांजर झोपेत सतत 30 च्या वर जात असेल तर दाखवून आणावं. मोठ्या जनावराच्या दोन्ही नाकपुड्या चालतात का हे बघायला थंड केलेली काच नाकासमोर धरतात. वाफेचे दोन ठिपके उमटतात आणि ते साधारण सारखे हवेत. एक थोडा लहान असेल तर घाई करू नये, कारण बऱ्याच सस्तन प्राण्यांत नाकाचं अस्तर आलटूनपालटून एका बाजूला फुगतं. काही तासांनी पुन्हा धरून बघावी. तीच बाजू पुन्हा लहान निघाली किंवा तिकडचा ठिपका उमटलाच नाही, तर त्या बाजूच्या नाकात दिवा घालून आत बघायची वेळ आली आहे.